उपमा आणि पोहे : तुलनात्मक विनोदलेखन



अलंकारांच्या व्याख्या आपण अभ्यासल्या. आता त्यांना स्वयंपाकघरात नेऊ. निमित्त आहे एका जुन्या घरगुती वादाचे : न्याहारीला पोहे श्रेष्ठ की उपमा?

प्रथम लिंगभेद लक्षात घ्या. अलंकार असतो ‘ती’ उपमा. बशीत असतो ‘तो’ उपमा. पहिलीच्या मुळाशी ‘मा’, म्हणजे मोजणे, हा संस्कृत धातू आहे; दुसऱ्याच्या मुळाशी ‘उप्पु’, म्हणजे मीठ, हा द्राविडी शब्द. ‘उपीट’ हे नावही कन्नड ‘उप्पिट्टु’वरून आले. पोहे मात्र संस्कृत ‘पृथुक’चे वंशज. सुदाम्याने कृष्णासाठी नेले ते हेच, असा दाखला पोह्यांचे पक्षपाती तत्काळ देतात. बटाटा आणि मिरची पुढे पोर्तुगिजांबरोबर आली, तेव्हा सुदाम्याच्या पुरचुंडीत त्यांपैकी काहीच नव्हते, हे मात्र ते सांगत नाहीत.

त्यांची भाषा तपासा. “पोहे ते पोहेच!” हा अनन्वय : उपमेयाला स्वतःखेरीज उपमान सापडत नाही. “हा उपमा नव्हे, भिंतीचा गिलावा आहे” ही अपन्हुती. उपम्याचा कैवारी उत्तरतो, “कापसाहूनही मऊ आहे आमचा उपमा.” हा व्यतिरेक. पोह्यांना लक्षणेचाही लाभ झाला आहे. ‘कांदेपोहे’ म्हटले की मुलगी पाहण्याचा कार्यक्रम समजतो. तो मान उपम्याला मिळाला नाही. मुलीच्या दृष्टीने पाहता, त्याने वाईट वाटून घेऊ नये.

तुलना उभी राहते ती साधारण धर्मावर. दोघांनाही मोहरी-कढीपत्त्याची फोडणी लागते, दोघेही झटपट होतात. पण विनोदाला गुणांपेक्षा सामायिक दोष अधिक उपयोगी पडतो. थांबलेले पोहे वातड होतात, थांबलेल्या उपम्याचा गोळा होतो. उशिरा उठणाऱ्याला दोन्ही पक्ष सारखीच शिक्षा करतात.

येथे एक अडचण आहे. भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनलगत समुद्रकाठी पाली हे मासेमारांचे गाव आहे. तेथील ख्रिस्ती कोळी घरातील एखादी विद्यार्थिनी हा निबंध लिहावयास बसली, आणि तिच्या घरची सकाळ तांदळाची भाकरी व रात्रीचे कालवण यांची, किंवा चहा-पावाची असली, तर तिने काय करावे? ‘लोकप्रिय’ या शब्दाला भिऊन पोह्यांवर लिहावे काय? आमच्या मते, मुळीच नाही. उसन्या पोह्यांवरचा विनोद बहुधा फिकाच उतरतो.

तिने भाकरीला उपमेय करावे, पावाला उपमान. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आणि वसईच्या या किनाऱ्यावर 1739 पर्यंत राज्यही पोर्तुगिजांचे; म्हणजे उपमानाला इतिहासही आहे. साधारण धर्म फुगण्याचा. भाकरी तव्यावर फुगते, पण उतरवताच जमिनीवर येते. पाव भट्टीत फुगतो तो फुगलेलाच राहतो. आता ‘फुगणे’ हे क्रियापद आपण माणसांसाठीही वापरतो, हे आठवा. भाकरीसारखी आणि पावासारखी माणसे तुमच्या गल्लीतही भेटतील.

स्वयं-अध्ययनासाठी : आपल्या घरातील दोन न्याहाऱ्या निवडा. त्यांचा एक सामायिक दोष साधारण धर्म म्हणून घेऊन दहा ओळी लिहा. ‘चविष्ट’ हा शब्द वापरू नका. लिहून झाल्यावर, पहाटे उठून ती न्याहारी करणाऱ्या व्यक्तीला ते वाचून दाखवा. ती हसली नाही, तर कोणती ओळ खटकली ते समासात नोंदवा.