पावतीवरचा पिस्टन

ह्यूस्टनमधल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे आता पिकअप ट्रक आहेत. ज्यांच्याकडे जुना सिल्व्हराडो आहे, त्यांचा मला हमखास फोन येतो. "पहिल्यातून दुसऱ्यात पडताना घसरतो गं, शिफ्ट किट टाकू का?" प्रत्येकाला तेच सांगायचं आणि दर वेळी तोच संताप पुन्हा यायचा, त्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

माझा ट्रक २००४ चा, ५.३ लिटरच्या इंजिनाचा, फोर-एल-सिक्स्टी-ई ट्रान्समिशनचा. गणपतीत पथकाच्या ढोल-ताशांचा ट्रेलर ओढतो. ट्रेलर जोडून सिग्नलवरून निघालं की दुसरा गिअर पडायच्या वेळी आरपीएमचा काटा उगाच वर चढायचा, ट्रक मात्र क्षणभर तसाच रेंगाळायचा आणि मग हळूच गिअर धरायचा. सर्व्हिस मॅन्युअल मी वाचलेलं होतं. दुसऱ्या गिअरला बँड आवळला जातो, आणि तो दणकन आवळू नये म्हणून थोडं तेल एक-दोनच्या ॲक्युम्युलेटरकडे वळतं. त्यातला मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा पिस्टन मधल्या पिनेवर घासून झिजतो किंवा तडकतो. मग तेल तिथून निसटतं आणि बँड पुरता आवळत नाही. या ट्रान्समिशनचं हे जुनं, सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं आहे.

गॅरेजच्या मालकाला मी हेच सांगितलं. पॅन उतरव, आधी पिस्टन बघ, ॲल्युमिनियमचा टाक, बँड आवळणारा सर्व्हो मोठा बसव आणि जास्तीचा ऑइल कूलर लाव. त्याने ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं माझ्या नवऱ्याकडे बघून. माझ्या नवऱ्याने आजवर बॉनेट उघडलेलं नाही. "पूर्ण किट टाकू, गिअर कसा पडतो बघाच," म्हणाला. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याला मिळायचं, हे शेवटपर्यंत तसंच चाललं.

ट्रक परत आला तेव्हा रिकाम्या रस्त्यावर, पायाचा जेमतेम दाब असतानाही दुसरा गिअर धाडकन पडत होता. मागची सीट हादरायची. परत गेले तर म्हणाला, "परफॉर्मन्स शिफ्ट असाच असतो, मॅडमना सवय होईल." पुढे ट्रेलर जोडल्यावर तीच जुनी घसरण पुन्हा सुरू झाली. हलक्या पायाला दणका आणि ओझ्याखाली घसरण, हे दोन्ही एकाच ट्रकमध्ये. तिथेच माझी खात्री पटली की मुळातलं काम झालेलंच नाही.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवेत ट्रक स्टँडवर चढवून मी स्वतः पॅन उतरवला. फिल्टर काढला, ॲक्युम्युलेटरच्या झाकणाचे बोल्ट सोडले आणि आतला पिस्टन हातात आला. प्लास्टिकचा. पिनेच्या भोकाभोवती तडा गेलेला, तेलाने काळा पडलेला, कारखान्यातून आला तोच. पावतीवर मात्र "ॲक्युम्युलेटर पिस्टन, नवा, ॲल्युमिनियम" असं स्वच्छ छापलेलं होतं, पैसेही घेतलेले होते. मी तो पिस्टन पावतीवर ठेवून फोटो काढला. माझं आधीपासूनचं म्हणणं तिथे समोर पडलेलं होतं, आणि रागाने हात थरथरत होते.

फोटो दाखवल्यावर गॅरेजचा मालक म्हणाला, "हा कुठल्याही ट्रकचा असू शकतो." हे वाक्य मला अजून बोचतं.

पुढचं काम पासाडेनातल्या एका वयस्कर मेकॅनिकने केलं. त्याने व्हॉल्व्ह बॉडी उतरवली तेव्हा कळलं की सेपरेटर प्लेटमधलं दुसऱ्या गिअरला तेल नेणारं भोक किटबरोबरच्या कागदात दिलेल्या मापापेक्षाही मोठं केलेलं आहे. गळका पिस्टन तसाच ठेवून भोक वाढवलं, म्हणजे रोग झाकून डोस वाढवला. शिवाय इतके दिवस घसरणाऱ्या गिअरमुळे कॉम्प्युटरने शिकून वाढवून ठेवलेला दाबही कोणी रीसेट केला नव्हता. नवी प्लेट, ॲल्युमिनियमचा पिस्टन, मोठा सर्व्हो आणि रीसेट, एवढ्यावर गिअर नीट पडायला लागला. ठाम पडतो, दणका नाही. बँडचं जे अस्तर जळलं ते मात्र गेलं. पॅनच्या तळाशी काळा गाळ होता.

आता तुमच्यासाठी. किट विकत घ्यायच्या आधी कोड वाचून घ्या. पी-१८७० असेल तर कॉम्प्युटर स्वतःच दाब कमाल करून ठेवतो आणि एक-दोनचा गिअर त्यामुळेच आदळतो. तिथे बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपच्या व्हॉल्व्हचं बोअर झिजलेलं असतं. ते दुरुस्त न करता किट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पॅन उतरल्यावर आतलं चुंबक बघा. करडी, मऊ पेस्ट चालते. धातूचे कपचे किंवा काळे तुकडे दिसले आणि तेलाला करपलेला वास आला, तर किटने काही सुधारणार नाही.

स्वतः करण्यासारखं काम म्हणजे सर्व्हो. ट्रकच्या उजव्या बाजूला गोल झाकणामागे असतो, तारेच्या रिंगने धरलेला. जुन्या कॉर्व्हेटमध्ये यायचा तो मोठ्या व्यासाचा सर्व्हो यात बसतो, आणि क्षेत्रफळ जास्त म्हणून त्याच दाबाला बँड जास्त जोराने आवळला जातो. एक-दोनच्या ॲक्युम्युलेटरचा पिस्टनही पॅन उतरवून बदलता येतो. प्लेटला मात्र घरी हात लावू नका. व्हॉल्व्ह बॉडी खाली येताना छोट्या गोळ्या निसटतात आणि एक जरी चुकीच्या जागी गेली तरी ट्रक उभा राहतो. पॅनचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, ११ न्यूटन-मीटर, त्यापुढे नाही. केस ॲल्युमिनियमची आहे, आटे जातात. तेल डेक्सरॉन-६.

प्लेटला भोकं पाडण्याआधी कॉम्प्युटरमधून दाब आणि शिफ्टची वेळ बदलून बघा. तो बदल मागे घेता येतो, मोठं केलेलं भोक लहान होत नाही. ओढताना टो-हॉलचं बटण दाबा. आणि कूलर लावाच. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात ट्रेलरसह उभ्या ट्रॅफिकमध्ये तेल तापतं, आणि ट्रान्समिशनला उष्णतेइतकं दुसरं काही मारत नाही.

दोन-तीन ठिकाणी दर विचारा, रिव्ह्यू वाचा, हे सगळे सांगतात. माझ्या त्या गॅरेजचे रिव्ह्यू उत्तम होते. त्यापेक्षा काम देतानाच लेखी घ्या की काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा. टेक्सासमध्ये फसव्या व्यापाराविरुद्ध १९७३ पासून कायदा आहे. त्याखाली दाव्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मी ती दिली, फोटो जोडला. गॅरेजवाल्याने पिस्टनचे पैसे परत केले, मजुरीचे नाही, आणि माफीचा शब्दही काढला नाही.

दुसरा गिअर घसरत असेल तर ट्रेलर जोडण्याआधी पॅन उतरवून घ्या आणि तो उतरताना स्वतः शेजारी उभे राहा. बघू देत नसतील तर ट्रकची किल्ली परत मागा.