चिवटपणाचा आकडा वाचताना

मिरज शहराचे नाव तंतुवाद्यांमुळे आणि रुग्णालयांमुळे दूरवर पोचले असले, तरी धातुकामाच्या व्यवसायातील माणसाला ते आणखी एका कारणाने ओळखीचे असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळांत उभी असलेली ताणबल, काठिन्य आणि आघात मोजणारी अनेक यंत्रे मिरज-सांगली-इचलकरंजी या पट्ट्यात तयार झालेली असतात. मिरज एमआयडीसीतील फाइन स्पॅव्ही असोसिएट्स अँड इंजिनिअर्स आणि इचलकरंजीजवळील यड्राव येथील फ्यूएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स ही त्यांतील परिचित नावे होत. याच पट्ट्याला लागून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या असल्यामुळे यंत्र बनवणारा आणि त्या यंत्रावर आपले ओतकाम तपासून घेणारा असे दोघेही एकमेकांपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर नांदतात. असे असूनही आघात चाचणीचा आकडा वाचताना होणाऱ्या चुका येथेही त्याच त्या आहेत, आणि त्यांची किंमत बहुधा परत आलेल्या मालाच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून या चाचणीशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्यांच्या अनुभवाचे सार येथे नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी मांडले आहे.

धातूचे ताणबल म्हणजे तो तुटण्यापूर्वी किती ओढ सोसतो याचे माप, काठिन्य म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर खळगा पडू न देण्याची क्षमता, आणि चिवटपणा म्हणजे तुटण्यापूर्वी तो किती ऊर्जा पोटात घेतो याचे माप; पहिले दोन गुण उत्तम असलेला धातू तिसऱ्यात नापास होऊ शकतो, ही गोष्ट खरेदी विभागातील मंडळींना सहसा पटत नाही. फ्रेंच अभियंता जॉर्ज शार्पी याने १९०१ मध्ये मांडलेल्या आणि आजही त्याच्याच नावाने चालणाऱ्या पद्धतीत १० मिलिमीटर चौरस छेदाचा व ५५ मिलिमीटर लांबीचा नमुना दोन आधारांवर आडवा ठेवला जातो, त्याच्या मध्यभागी व्ही आकाराची २ मिलिमीटर खोल खाच म्हणजे नॉच असते, आणि खाचेच्या बरोबर मागच्या बाजूवर पेंडुलमचा हातोडा येऊन आदळतो. नेहमीच्या ३०० ज्यूलच्या यंत्रात सुमारे २१ किलो वजनाचा हा हातोडा १४० अंशांच्या कोनातून, म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीवरून सुटतो आणि सेकंदाला सुमारे ५.३ मीटर वेगाने नमुन्यावर येतो. नमुना तोडून पलीकडे तो जितका कमी वर चढतो तितकी ऊर्जा नमुन्याने खाल्ली, असा हिशेब डायलवर थेट ज्यूलमध्ये दिसतो. इझॉड पद्धतीत नमुना उभा पकडला जातो आणि खाच हातोड्याच्या समोर असते, शार्पीत ती पाठमोरी असते; महाविद्यालयातून नुकत्याच आलेल्या मुलांकडून येथे हमखास गफलत होते, आणि दोन्ही पद्धतींच्या आकड्यांचे एकमेकांत रूपांतर करण्याचा विश्वासार्ह मार्ग नाही.

खाच कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. गुळगुळीत नमुना वाकतो, पसरतो आणि धातूची खोड लपवतो, तर तीक्ष्ण खाचेच्या तळाशी ताण एकवटून धातूला वाहायला वाव उरत नाही, आणि प्रत्यक्षातील भेग, वेल्डिंगमधील पोकळी किंवा बोल्टचा आटा नेमके हेच करत असतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना, संथ पाण्यात, जवळजवळ दुभंगले. त्या काळातील जोडकामाच्या जहाजांच्या अशा घटनांमागे दोष केवळ वेल्डिंगचा नसून थंडीत ठिसूळ होणाऱ्या पोलादाचा आहे, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले. फुटलेल्या जहाजांच्या पत्र्यांच्या अभ्यासातून १५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे २० ज्यूल, ही मर्यादा पुढे आली, आणि आज इमारती पोलादाच्या आयएस २०६२ या मानकात दिसणारे २७ ज्यूल म्हणजे दुसरे काही नसून २० फूट-पौंड होत.

साध्या कार्बन पोलादाच्या बाबतीत चिवटपणा हा तापमानाशी बांधलेला असतो, आणि सर्वांत मोठी फसगत येथेच होते. तापमान उतरत गेले की एका पट्ट्यात ऊर्जेचा आलेख झपाट्याने घसरतो. वर तुटलेला पृष्ठभाग तंतुमय व मळकट दिसतो, खाली तो साखरेच्या स्फटिकांसारखा चमकतो, आणि मधल्या पट्ट्यात दहा-पंधरा अंशांच्या फरकाने आकडा निम्म्यावर येऊ शकतो. तांबे, अॅल्युमिनियम आणि ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील यांत अणूंची मांडणी वेगळी असल्याने असा कडा लागत नाही. आता मानकात ‘खोलीचे तापमान’ असे लिहिलेले असते तेव्हा आयएसओ १४८ नुसार त्याचा अर्थ २३ अंश सेल्सिअस, ५ अंश इकडे-तिकडे, इतकाच असतो. मिरजेच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या घरात असतो आणि डिसेंबरच्या पहाटे तो पंधराच्या खाली येतो, तेव्हा ‘खोली’ या शब्दावर विसंबणाऱ्याचा एकाच हीटचा, म्हणजे एकाच वितळणीचा, माल उन्हाळ्यात उत्तीर्ण आणि हिवाळ्यात अनुत्तीर्ण ठरला, तर त्यात धातूचा अपराध नाही. भिंतीवर तापमापक लावणे आणि नमुने नियंत्रित तापमानात ठेवणे हा स्वस्तातला उपाय आहे, आणि तरीही तो सर्वांत कमी केला जातो.

शून्याखालच्या चाचणीत काळजी आणखी वाढते. थंड प्रदेशात जाणाऱ्या व्हॉल्व्हसाठी एएसटीएम ए-३५२ मधील एलसीबी या ओतीव पोलादाला उणे ४६ अंशांवर तीन नमुन्यांची सरासरी किमान १८ ज्यूल आणि एकेकट्या नमुन्याला किमान १४ ज्यूल अशी अट आहे. डब्ल्यूसीबी या नेहमीच्या ओतीव कार्बन पोलादाला त्याच्या मानकात आघाताची अटच नाही, म्हणून ‘दोन्ही सारखेच’ समजून ओतकाम करणारा पुढे अडचणीत येतो. नमुने द्रवात, म्हणजे ड्राय आइस घातलेल्या ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये, ठरलेल्या तापमानाला निदान पाच मिनिटे बुडून राहिले पाहिजेत, आणि बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत हातोडा आदळला पाहिजे. हे पाच सेकंद वाटतात तितके मोठे नसतात: चिमटा द्रवात आधीच थंड केलेला हवा, नाहीतर तोच खाचेजवळची थंडी शोषून घेतो, खाच आधारांच्या बरोबर मध्यभागी एका हालचालीत बसली पाहिजे, ज्यासाठी खाचेत अडकणारी जीभ असलेला चिमटा वापरतात, आणि कुणीतरी लिव्हरवर हात ठेवून तयार उभे असले पाहिजे. नमुना तिरका बसला म्हणून तो पुन्हा सरळ करत बसण्यापेक्षा परत द्रवात टाकून पाच मिनिटे थांबावे, हे घाईच्या दिवशीही पाळण्याजोगे आहे.

खाचेच्या तळाची गोलाई ०.२५ मिलिमीटर आणि तिचा कोन ४५ अंश असतो. ब्रोच नावाचे दातेरी हत्यार ही खाच कापते, आणि ते बोथट झाले की गोलाई वाढते, भेग सुरू व्हायला उशीर लागतो व आकडा वर चढतो. उलट तळाशी खाचेच्या लांबीला समांतर ओरखडे राहिले तर भेग आयती सुरू होऊन आकडा खाली येतो. डोळ्यांनी यातले काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक नमुन्याची खाच प्रोजेक्टरवर ५० पट मोठी करून टेम्प्लेटच्या रेषांवर पडताळणे हे चाचणीचेच अंग मानले पाहिजे. ब्रोच नवा घेण्याचा खर्च वाचवून चिवट ठरलेला माल गिऱ्हाइकाच्या प्रयोगशाळेत ठिसूळ ठरतो.

यंत्राच्या बाजूने पाहता, रोज सकाळी नमुना न ठेवता हातोडा सोडून डायल शून्य दाखवते की नाही हे पाहणे, पाया आणि आधारांचे बोल्ट घट्ट आहेत का हे तपासणे आणि आधारांच्या झिजलेल्या कडा वेळीच बदलणे एवढे केले तरी बरेच साधते. मात्र एक गोष्ट यंत्र चांगले असूनही खटकते: ३०० ज्यूलच्या जुन्या डायलवर एक घर २ ज्यूलचे असते, आणि ४००-१८-एलटी या प्रतीच्या एसजी आयर्नला, म्हणजे गोलाकार ग्राफाइटच्या बिडाला, उणे २० अंशांवर सरासरी १२ ज्यूल पुरतात, अशा कामाला त्या डायलवर अर्धे घर डोळ्यांनी अदमासणे म्हणजे निकालाचा फैसला काट्याच्या जाडीवर सोपवणे होय, आणि तेथे कमी क्षमतेचा हातोडा किंवा डिजिटल मोजणीच योग्य. दुसऱ्या टोकाला, यंत्राच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक आलेला आकडाही भरवशाचा मानत नाहीत. फार कठीण धातूचे तुकडे कधीकधी उडून हातोडा आणि आधार यांच्यात अडकतात आणि आकडा फुगवतात. तुकड्यांच्या टोकांवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर तो निकाल बाद समजावा. झुलत्या हातोड्याला ब्रेकऐवजी हाताने थांबवण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडून काढावी, कारण त्या पेंडुलमला माणसाचा हात आणि नमुना यांतला फरक कळत नाही.

नमुना कुठून आणि कोणत्या दिशेने कापला हेही तितकेच महत्त्वाचे. रोलिंगच्या दिशेने घेतलेला पत्र्याचा नमुना आडव्या नमुन्यापेक्षा बहुधा जास्त ऊर्जा दाखवतो. पातळ पत्र्यातून ७.५ किंवा ५ मिलिमीटर रुंदीचा लहान नमुना घेतला तर त्याची अटही वेगळी असते, पूर्ण नमुन्याची नव्हे. ओतकामात वाय-ब्लॉकमधून, म्हणजे चाचणीसाठी वेगळ्या ओतलेल्या ठोकळ्यातून, निघालेला नमुना आणि जाड कास्टिंगच्या गाभ्यातील धातू यांची थिजण्याची गती वेगळी असल्याने एकाचा निकाल दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे करार करतानाच ठरवून घ्यावे. जुन्या ड्रॉइंगवर आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर त्याला ९.८१ ने गुणावे, आणि प्रति चौरस सेंटिमीटर ज्यूल असे लिहिलेले असेल तर व्ही-खाचेच्या पूर्ण नमुन्यासाठी ०.८ ने गुणावे. ३५ हा आकडा पाहून खूश होणाऱ्याला ते प्रत्यक्षात २८ ज्यूलच असल्याचे कळले म्हणजे उत्साह ओसरतो.

टेस्ट सर्टिफिकेटवर नुसते ‘२७ ज्यूल, पास’ असे लिहून आलेला कागद घेणाऱ्याने परत पाठवावा. खाचेचा प्रकार, नमुन्याचे माप व दिशा, तापमान, हातोड्याच्या टोकाची त्रिज्या २ मिलिमीटर आहे की ८, आणि तिन्ही नमुन्यांचे स्वतंत्र आकडे त्यावर असलेच पाहिजेत, कारण सरासरी जुळूनही एखादा नमुना अटीच्या सत्तर टक्क्यांखाली गेलेला असू शकतो. तुटलेले तुकडे तेल लावून, हीट नंबरची चिठ्ठी बांधून, माल गिऱ्हाइकाने स्वीकारेपर्यंत जपून ठेवावेत. वाद निघालाच तर तुटलेल्या पृष्ठभागाइतका दुसरा पुरावा नसतो, आणि भंगारात गेलेला तुकडा परत मिळत नाही.