खोकला : घरी केव्हा थांबावे व दवाखान्यात केव्हा जावे

फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्यांचे अस्तर सुजले, म्हणजे त्या विकारास श्वासनलिकादाह अथवा ब्राँकायटिस म्हणतात. तो बहुधा पडशामागून येतो. खोकला लागतो, कफ पडतो, छाती जड होते. त्याचे कारण बहुतकरून विषाणू होत. म्हणून प्रतिजैविक गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही. विसावा, ऊन पाणी व धुरापासून दूर राहणे, इतक्याने पुष्कळ जण सुमारे ३ आठवड्यांत बरे होतात.

परंतु धाप लागली, छातीत दुखले, थुंकीत रक्त दिसले, किंवा ताप ३ दिवसांहून अधिक राहिला, तर विलंब करू नये. खोकला २ आठवड्यांवर गेल्यास क्षयाचीही शंका घ्यावी व सरकारी दवाखान्यात थुंकी तपासवावी. ही तपासणी तेथे विनामूल्य होते.

लेकराविषयी अधिक जपावे. ते शांत असता मिनिटभर त्याचे श्वास मोजावे. २ महिन्यांखाली ६०, १ वर्षाखाली ५०, ५ वर्षांखाली ४० किंवा अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, अथवा मूल पिईनासे झाले, तर त्याच घटकेस दवाखाना गाठावा. पोटावर डाग दिल्याने श्वास मोकळा होत नाही. मूल भाजते व मोलाचा वेळ जातो. वर्षाच्या आतील मुलास मधही चाटवू नये.

ज्यास लागोपाठ २ वर्षे, दर वर्षी ३ महिने कफाचा खोकला असतो, त्याचा विकार जुनाट समजावा. विडी व चुलीचा धूर ही त्याची मोठी कारणे होत. ज्यांस वाचता येत नाही, त्यांस हा पाठ अवश्य वाचून दाखवावा.