आजचे चिंतन : घरट्याबाहेरचा हंस



आजचं वाचन बृहदारण्यक उपनिषदातलं आहे. चौथा अध्याय, तिसरं ब्राह्मण, मंत्र ९ ते १६. पोथी जवळ असेल तर उघडून ठेवा, नसेल तर मी अर्थ सांगतोच आहे.

विषय जरा वेगळा आहे. काही जणांना झोपेत, कसलीही साधना न करता, अचानक असं वाटतं की आपण शरीराबाहेर आलोय. वरून आपणच आपल्याला झोपलेलं दिसतो. ज्यांना हा अनुभव येतो त्यातले काही घाबरतात, काहींना वाटतं आपल्याला सिद्धी मिळाली. बहुतेक जण कुणाला सांगतच नाहीत.

आधी प्रसंग समजून घेऊ. जनक राजाने याज्ञवल्क्यांना विचारलं, माणूस कोणत्या प्रकाशाने व्यवहार करतो? उत्तर आलं, सूर्याच्या. सूर्य मावळला तर? चंद्राच्या. तोही नसेल तर अग्नीच्या, तोही विझला तर वाणीच्या. आणि वाणीही थांबली तर? तेव्हा आत्मा हाच प्रकाश. हे पटवून द्यायला याज्ञवल्क्य झोपेचं उदाहरण घेतात, कारण झोपेत बाहेरचा एकही दिवा नसतो, तरी आपल्याला दिसत असतं.

नवव्या मंत्रात ते सांगतात की झोपणारा या जगातलीच सामग्री थोडी थोडी सोबत नेतो, स्वतःच मोडतो, स्वतःच रचतो आणि स्वतःच्या प्रकाशात पाहतो. दहाव्यात म्हणतात, तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, सगळं तोच निर्माण करतो. मग येतो तो प्रसिद्ध हंस. खालचं घरटं प्राणावर सोपवून हा एकटा हंस बाहेर हवं तिथे फिरतो. चौदाव्या मंत्रात लोकांमधली एक समजूतही दिली आहे : गाढ झोपलेल्याला एकदम उठवू नये, तो नीट परतला नाही तर उपचार करणं अवघड. आमची आजी म्हणायची, झोपलेल्याच्या तोंडाला गंमत म्हणूनही रंग लावू नका, परत येणारा जीव ओळखणार नाही. धागा तोच.

आता माझा अनुभव, थोडक्यात. त्या आठवड्यात माझी रात्रीची सपोर्ट ड्यूटी होती, झोपेचं पार खोबरं झालेलं. दुपारी उताणा झोपलो होतो. जाग आली, पण बोटही हलेना. अंगभर गुणगुण झाली आणि मी पंख्याच्या उंचीवर होतो. खाली पलंगावर मी. कपाटावरची निळी सुटकेस स्पष्ट दिसली, तिच्यावरची धूळसुद्धा. काही क्षणांत परत खाली. उठल्यावर स्टूल घेऊन बघितलं, सवयच आहे तपासून बघायची. कपाटाचा माथा रिकामा होता. सुटकेस महिन्यापूर्वीच माळ्यावर गेली होती. म्हणजे मी जे पाहिलं ते खोलीचं थेट चित्र नव्हतं, डोक्यात साठवलेला जुना डेटा होता. नववा मंत्र हेच सांगतो : सामग्री इथलीच, रचणारा आपणच.

शरीरशास्त्राची बाजूही पाहू. स्वप्नांच्या झोपेत, जिला रेम झोप म्हणतात, मेंदू स्नायूंना जाणाऱ्या आज्ञा रोखून धरतो, म्हणून आपण स्वप्नात पळलो तरी पलंगावरून उठून पळत नाही. श्वास आणि डोळे चालू राहतात. कधीकधी भान आधी जागं होतं आणि ही रोख नंतर सुटते. तेवढ्या वेळात शरीर जखडल्यासारखं वाटतं, तरंगल्यासारखंही वाटतं. २००२ साली 'नेचर' या नियतकालिकात ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी जिनिव्हातली एक नोंद छापली. अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, उजव्या बाजूला कानाच्या वर-मागे असलेल्या एका भागाला सौम्य विद्युत प्रवाह दिला की तिला आपण वर तरंगतोय आणि पलंगावर स्वतःला पाहतोय असं वाटे. पण तिला स्वतःचे फक्त पाय आणि कमरेचा भाग दिसत होता. तोल, स्पर्श आणि दृष्टी यांची जुळणी मेंदूच्या त्या परिसरात होते. ती जुळणी सुटली की 'मी कुठे आहे' याचं उत्तर चुकतं.

"म्हणजे उपनिषद खोटं?" असं मनात आलं असेल तर थांबा. हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीच विचारला गेलाय. ब्रह्मसूत्राच्या ३.२.३ वरच्या भाष्यात शंकराचार्य सरळ युक्तिवाद करतात. कुरुदेशात झोपलेला माणूस स्वप्नात पांचालदेशी जातो. खरोखर गेला असता तर पांचालातच जागा झाला असता, पण जागा होतो कुरुदेशात. क्षणात शंभर योजनं जाऊन येणं शक्य नाही. ज्या देहाने गेलो असं त्याला वाटतं, तो देह शेजारच्यांना अंथरुणातच दिसत असतो. आणि स्वप्नात पाहिलेले प्रदेश प्रत्यक्षात तसे नसतातही. (माझी सुटकेस!) याच उपनिषदात दुसऱ्या अध्यायात अजातशत्रू सांगतो की राजा जसा आपल्या राज्यात फिरतो तसा झोपलेला आपल्याच शरीरात फिरतो. म्हणून आचार्य म्हणतात, 'घरट्याबाहेर' म्हणजे जणू बाहेर. देहात असूनही त्याच्याशी संबंध सुटल्यासारखा.

हे सगळं नुसती बौद्धिक चर्चा म्हणून लिहिलं नसतं. माझा अनुभव बाबा गेल्यानंतरच्या वर्षातला. मी आईला सांगितला, तर ती जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे तुझे बाबाही असेच वर गेले असतील का रे? आपण दिसलो असू का त्यांना?"

हो म्हणणं सोपं होतं. मलाही हो म्हणायचं होतं. पण ज्या अनुभवात सुटकेससुद्धा खरी नव्हती, त्याच्यावर बाबांचं असणं कसं टेकवू? उद्या एखादा डॉक्टर चार वाक्यांत तो अनुभव समजावून सांगेल आणि आईचा आधार जाईल. मी तिला म्हणालो, "ते मला या अनुभवावरून सांगता येणार नाही गं. पण आपण जनकाने पुढे काय विचारलं ते वाचू." आणि आम्ही दोघांनी मिळून वाचलं.

हंसाचं वर्णन ऐकून जनक खूश होतो, हजार गायी देतो. पण थांबत नाही. म्हणतो, आता याच्या पुढचं, मोक्षाला उपयोगी पडेल ते सांगा. मंडळी, मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. बाहेर फिरून येणं कितीही अद्भुत असलं तरी जनकाला ते पुरेसं वाटत नाही. त्यावर याज्ञवल्क्य सांगतात की हा पुरुष तिथे जे काही पाहतो, चांगलं किंवा वाईट, त्याने तो बांधला जात नाही. तो असंग आहे. एवढंच नाही, चौदाव्या मंत्रात ते दुसरं मतही देतात की स्वप्न ही जागेपणीचीच जागा, जागेपणी दिसतं तेच झोपेत दिसतं. म्हणजे अनुभवाचं स्पष्टीकरण काहीही असो, त्यांचा मुद्दा हलत नाही. पंख्याजवळचा मी दिसला, पलंगावरचा मी दिसला. दोन्ही दिसले. पाहणारा मात्र त्या दोन्हींत दिसला नाही. मेंदूचा कोणता भाग चित्र रचतो हे कळलं तरी चित्र कुणाला दिसतं हा प्रश्न उरतोच, आणि उपनिषदाची श्रद्धा त्या पाहणाऱ्यावर आहे. आईला मी एवढंच देऊ शकलो. ती म्हणाली, "उद्या पुढचं वाचू."

तुम्हाला असा अनुभव आला तर घाबरू नका, आपण परत येऊ की नाही ही भीती धरू नका. नाम घ्या, एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा, सुटका होते. झोप पुरेशी घ्या, शक्यतो कुशीवर झोपा. वारंवार होत असेल किंवा दिवसाही झोप आवरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही. आणि पैसे घेऊन हा अनुभव शिकवणाऱ्यांकडे जाण्याआधी जनकाचा प्रश्न आठवा.

आजचा अभ्यास : रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातल्या तीन गोष्टी आठवा. एक सुखाची, एक दुःखाची, एक अगदी साधी. प्रत्येकीपाशी शांतपणे विचारा, हे कुणी पाहिलं? उत्तराची घाई करू नका. नाम घेत झोपी जा.

उद्या अठरावा मंत्र, दोन्ही काठांना फिरणारा मोठा मासा.

राम कृष्ण हरी.