पहिले काही महिने दार लोटून घ्या

परदेशातून दत्तक घेतलेलं मूल घरी आलं की आपल्या माणसांना राहवत नाही. न्यू जर्सीत मराठी वस्ती दाट. ओवाळायला, पेढे खायला, बाळाला बघायला सगळ्यांनाच यायचं असतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यांना थोपवा.

आमची लेक महाराष्ट्रातल्या एका शिशुगृहातून साडेतीन वर्षांची असताना आली. आम्ही दोघं अमेरिकेचे नागरिक, त्यामुळे ‘कारा’ची, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची परवानगी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पासपोर्ट, व्हिसा या सगळ्यांतून जाऊन ती हाती आली होती. आल्यावर रडली नाही. हात पुढे करील त्याच्या कडेवर जायची. भेटायला आलेले म्हणायचे, ‘किती गुणी पोर! लगेच रुळली की!’

मग एकदा किराणा दुकानात एक अनोळखी बाई तिच्याकडे बघून हसल्या. लेकीने त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्याबरोबर दाराकडे निघाली. मी मागे आहे की नाही, हे वळून पाहिलंसुद्धा नाही. संस्थेतल्या ताया पाळीपाळीने बदलतात, माया करतात आणि ड्युटी संपली की जातात. तिथे वाढलेल्या मुलाला सगळी मोठी माणसं सारखीच. अशा मुलाचं कुणाकडेही जाणं म्हणजे रुळणं नव्हे, आपलं माणूस कोण हे त्याला अजून कळलेलं नाही.

म्हणून भरवणं, आंघोळ, झोपवणं, कडेवर घेणं हे सुरुवातीला फक्त आईवडिलांनी करावं. आजी-आजोबांना हे जड जातं. सासूबाई साताऱ्याहून नातीसाठी आल्या होत्या. मी म्हटलं, ‘आई, वरणभात तुम्ही कालवा, घास मात्र मी भरवते.’ त्यांना लागलं, पण त्यांनी ऐकलं. शेजारी बसून काऊ-चिऊची गोष्ट सांगत राहिल्या. पडल्यावर इतरांना ओलांडून मूल तुमच्याकडेच रडत येऊ लागलं, की खुशाल पाहुणे बोलवा.

छोट्या गोष्टींवर नजर ठेवा. आमच्या लेकीच्या उशीखाली पोळीचे तुकडे सापडायचे. रागावू नका, तिच्या हाताला येईल असा खाऊचा डबा भरून ठेवा. पुढचं जेवण नक्की मिळणार, हा भरवसा बसायला वेळ लागतो. स्वतंत्र सजवलेली खोली तिला भीतीची वाटली, कारण ती आजवर ओळीने मांडलेल्या पाळण्यांत झोपली होती. आमच्या पलंगालगत गादी टाकली, पंखा चालू ठेवला, तेव्हा झोप लागली. टबात उतरायला ती किंचाळायची. टबातच बादली आणि मग ठेवला, तशी हसत आंघोळ करू लागली.

इंग्रजीची घाई तर अजिबात नको. आई, भूक, दुखतंय, नको, हे सगळं तिच्याजवळ मराठीतच होतं. सगळं जग बदललेल्या मुलाकडून तेवढं तरी काढून घेऊ नये.

डॉक्टरकडे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जा. भारतातली कागदपत्रं असली तरी रक्तातलं शिसं, हिमोग्लोबिन, कावीळ बी, जंत, क्षय या तपासण्या इथे पुन्हा करून घ्या. बीसीजी घेतलेल्या मुलात त्वचेवरची क्षयाची चाचणी फसवू शकते, म्हणून रक्तावरच्या चाचणीबद्दल विचारा. क्षयाची तपासणी काही महिन्यांनी परत करावी लागते.

२००० सालच्या कायद्यामुळे आयएच-३ व्हिसावर, म्हणजे दत्तकविधान भारतातच पूर्ण होऊन आलेलं मूल इथे आईवडिलांपाशी राहायला पोचताच अमेरिकेचं नागरिक होतं. तरीही नागरिकत्वाचा दाखला आला की नावाची अक्षरं तपासा, आणि दत्तकाचा मूळ आदेश जपून ठेवा. तो कायदा लागू होण्याआधीच अठरा पूर्ण केलेल्या किती तरी दत्तक मुलांना पुढे नागरिकत्वावाचून हाल काढावे लागले आहेत.

शेवटी, दत्तक संस्थेकडून घरी येणाऱ्या समाजसेविकेविषयी. मुलाची प्रगती भारताला कळवायची असते, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष दर सहा महिन्यांनी. त्यासाठी त्या येतील तेव्हा सगळं छान चाललंय असं दाखवू नका. मूल चावतं, रात्री ओरडत उठतं, मला रडू येतं, हे जसंच्या तसं सांगा. आम्ही सांगितलं, तेव्हा त्यांनीच दत्तक मुलांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली.