कंबर धरली म्हणून खाटेवर पडून राहू नका



मधुबन धरणाच्या पाण्यात होडी घालणारे असोत की राखोलीच्या पुलाजवळ दमणगंगेत जाळं टाकणारे, कंबरदुखी आपल्या घराघरात आहे. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. आपण काय करतो? गोळी घेतो, पट्टा बांधतो, आठवडाभर खाटेवर पडतो, आणि बरं वाटलं की एकदम जाळं ओढायला जातो. घात इथंच होतो. पडून राहिल्यानं पाठ-पोटाचे स्नायू ढिले पडतात, मग ओढण्याचा सगळा भार मणक्यावर येतो.

आता पहाटेचं नीट समजून घ्या, कारण आपला धंदाच पहाटेचा. मणक्यांच्या मधल्या गाद्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकलं तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. आणि आपण नेमके तेव्हाच होडीच्या काठावर ओणवे होऊन जाळं काढतो! म्हणून थोडं आधी उठा. काठापर्यंत चालत जा. जाळं ओढताना पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून उभे राहा. कंबरेतून पिळू नका, पायांनी वळा. माशांची पाटी डोक्यावर घ्यायची तर दोघींनी मिळून उचलावी.

व्यायाम संध्याकाळी, चटईवर. उताणे झोपून गुडघे मोडा, पाऊल जमिनीवर ठेवून कुल्ले वर उचला, दहा अंक मोजा, खाली या. मग ओणवे होऊन हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ ताणा, पुन्हा दहा अंक, मग बाजू बदला. दोन्ही पाच-सहा वेळा. दिवसभर वल्हं मारून पाठ वाकलेली असेल तर पालथे झोपून कोपरांवर छाती उचला. श्वास रोखायचा नाही. स्नायू ताणल्यासारखे वाटले तर चालेल, कळ पायात उतरली तर तो व्यायाम तिथंच थांबवा.

आणि चालणं, फुकटचं औषध! ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर अभ्यास झाला, तो २०२४ साली छापून आला. चालायचा सराव वाढवत नेलेल्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांची ११२ दिवसांतच धरली. त्यांचं ध्येय होतं आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. होडी बांधून ठेवायच्या दिवसांत हे सोडू नका, तेव्हाच शरीर जास्त आखडतं. महिनाभर तरी फरकाची वाट बघा. चार दिवसांत काही होत नाही.

मात्र पायात जोर राहिला नाही, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर व्यायाम नको, मालिशवाला तर नकोच. त्याच दिवशी सिल्वासाला विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल गाठा. ताप येतोय, वजन उतरतंय, पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय, तरीही आधी डॉक्टरला दाखवा.