वाळूच्या टेकड्यांवरची सहल आणि आपली प्रकृती

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आखाती देशांत माणूस नाही असे गाव सापडणे कठीण. पूर्वी तिकडे कमावता मुलगा एकटा जात असे. आता तो आईवडिलांनाही महिना-दोन महिने बोलावून घेतो आणि सुटीच्या दिवशी हौसेने हिंडवतो. कतारमधील दोह्याला गेलेल्या पाहुण्यांसाठी या हिंडण्यात एक सहल ठरलेलीच असते : समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरून मोटारीची अर्ध्या दिवसाची सफर. जाण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी घ्यायला येणाऱ्यांना मी या सहलीविषयी मुद्दाम विचारतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते, "डॉक्टर, गाडीत तर बसायचं आहे, त्यात काय होणार?" त्यात काय होते आणि ते कसे टाळावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

सहलीत नेमके काय असते?

दोह्याच्या दक्षिणेला मेसईद हे औद्योगिक शहर आहे. त्याच्या पुढे सीलाइनच्या किनाऱ्यापाशी डांबरी रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते. येथे चालक गाडीच्या चारही चाकांतील हवा जवळजवळ निम्म्यावर आणतो. त्यामुळे टायर पसरट होतो आणि वाळूत रुतत नाही. काही जण येथे उंटावर बसतात. मग चारही चाकांना जोर असलेली गाडी टेकड्यांवर चढते, माथ्यावरून तिरपी घसरते, पुन्हा चढते. शेवटी खोर अल अदैद येते. येथे समुद्राचे पाणी अरुंद वाटेने वाळवंटात आत शिरले आहे आणि त्याच्या पलीकडे सौदी अरेबियाची हद्द आहे. २००८ साली कतारने हे ठिकाण युनेस्कोच्या संभाव्य यादीसाठी दिले. चहूकडे वाळू आणि मध्ये निळे पाणी हे दृश्य खरोखर पाहण्याजोगे आहे. सूर्यास्त पाहून मंडळी रात्री घरी परततात. एकूण चार-पाच तासांचा हा कार्यक्रम.

यात दोन गोष्टी आहेत : एक ते दृश्य आणि दुसरी ते धक्के. दृश्य सर्वांसाठी आहे, धक्के मात्र सर्वांसाठी नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कण्यावर येणारा भार

गाडी टेकडीच्या माथ्यावरून खाली झेपावते तेव्हा आपले शरीर क्षणभर आसनावरून हलके होते. पुढच्याच क्षणी गाडी खाली आदळते आणि आसन वर येऊन आपल्याला भिडते. हा सगळा दणका कण्यातून उभा वर जातो. पाठीचा वरचा भाग बरगड्यांनी जखडलेला असतो, कमरेचा भाग लवचीक असतो. हे दोन्ही जेथे मिळतात तेथे, म्हणजे पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका यांवर, भार सर्वाधिक येतो. त्या वेळी माणूस पुढे वाकलेला असेल, तर मणक्याची पुढची बाजू चेपते आणि चौकोनी मणका पाचरीसारखा होतो.

तरुण माणसाचे हाड बहुधा असा दणका सोसते. पण पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होत जातात. हाडांची ही ठिसूळता मोडेपर्यंत दुखत नाही, म्हणून ती कळतही नाही.

माझ्याकडे आलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचे उदाहरण सांगतो. अशाच सहलीत, सात जणांच्या गाडीतील शेवटच्या आसनावर त्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका उतारावर गाडी आदळली आणि कमरेच्या वर कळ आली. घरी आल्यावर त्यांनी गरम पाण्याने शेकले, मलम चोळले. गावी परतल्यावर दोनदा मालिशही करून घेतले. माझ्याकडे आल्या तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. क्ष-किरण चित्रात कमरेचा पहिला मणका चेपलेला स्पष्ट दिसत होता. पहिल्या दोन टेकड्यांनंतरच त्यांना भीती वाटली होती. "मग गाडी सावकाश घ्या असं का नाही म्हणालात?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पोराने एवढे पैसे भरले, हौसेने आणलं, त्याचं मन कुठे मोडायचं?" सुदैवाने मज्जारज्जूला इजा नव्हती. विश्रांती, पट्टा आणि हाडे भरून येण्याचे औषध यांवर त्या हिंडू-फिरू लागल्या आहेत. वाकून घागर उचलणे मात्र बंद झाले ते झालेच.

यातून घेण्यासारख्या गोष्टी पुढीलप्रमाणे :

१. मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या मागे असलेल्या आसनावर धक्का सर्वांत जास्त बसतो. वयस्कर माणसाने पुढे किंवा मधल्या रांगेत बसावे.

२. पट्टा बांधावा, पाठ आसनाला टेकलेली ठेवावी, पाय सपाट ठेवावेत, वरची मूठ धरावी. चढ-उतार चालू असताना वाकून फोटो काढू नयेत.

३. मूल मांडीवर घेऊ नये. आदळताना ते हातांत राहत नाही. लहान मुलाला त्याच्या मापाचे आसन हवे. ते नसेल तर टेकड्यांचा भाग टाळावा.

४. गाडी ठरवतानाच "आमच्याबरोबर वयस्कर माणसे आहेत, उड्या नकोत, सपाट वाटेने पाण्यापर्यंत न्या" असे सांगावे. चालकांना हे नवीन नसते. वाटेत नको वाटले तर त्याच क्षणी बोलावे.

५. सहलीनंतर पाठीत तीव्र वेदना राहिल्या, तर मालिश न करता क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. पायांत बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत संवेदना नसणे, यांतील काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

धक्के कोणी पूर्णपणे टाळावेत?

गरोदर स्त्रियांनी, मग महिना कोणताही असो. मणक्याचे दुखणे वा शस्त्रक्रिया झालेल्यांनी. पूर्वी किरकोळ पडण्याने मनगट, मणका वा खुब्याचे हाड मोडले असेल, उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्या असतील त्यांनी. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, रक्तदाब काबूत नसलेल्यांनी आणि अलीकडे डोळ्याची वा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी. या मंडळींनी सीलाइनच्या किनाऱ्यावर बसून चहा घ्यावा, समुद्र आणि वाळू दोन्ही पाहावीत. मन मारल्यासारखे वाटून घेऊ नये.

उष्मा : किनाऱ्यावरचा निराळा

वाळवंट म्हणजे कोरडी हवा, अशी आपली समजूत असते. पण येथे वाळवंटाला समुद्र लागून आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातोच, शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवा दमट होते. घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही, तो वाळावा लागतो. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. पाणी जाते आणि शरीर तापतच राहते. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे. २०२१ साली या बंदीची मुदत आणि वेळ वाढवण्यात आली. राबून सरावलेल्या कामगारांसाठी जेथे असा नियम करावा लागतो, तेथे चार दिवसांपूर्वी उतरलेल्या पाहुण्याने भर दुपारी वाळूत उभे राहू नये. नोव्हेंबर ते मार्च हा सहलीचा योग्य काळ. तेव्हा मात्र सूर्यास्तानंतर वारा गार असतो, स्वेटर बरोबर असावा.

आता एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट. टेकड्यांत प्रसाधनगृह नसते. म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात. परिणामी चक्कर, पायांत गोळे आणि दुसऱ्या दिवशी लघवीची जळजळ. यावर उपाय असा : सकाळपासून थोडेथोडे पाणी प्यावे, सीलाइनच्या आसपास सोय असेल तेथे लघवीला जाऊन घ्यावे, आणि वाळूत दर १५-२० मिनिटांनी चार घोट घेत राहावे. माणशी दोन लिटर पाणी गाडीत असावे. जलसंजीवनीची पुडी बरोबर ठेवावी. ती नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

खूप घाम, थकवा, डोकेदुखी, मळमळ ही उष्म्याने थकल्याची लक्षणे आहेत. सावली, गारवा व पाणी यांनी ती उतरतात. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. वातानुकूलन पूर्ण चालू करावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे. कतारमध्ये रुग्णवाहिकेसाठी ९९९ हा क्रमांक आहे. थंड करणे मात्र रुग्णवाहिकेची वाट न पाहता सुरू करावे.

मधुमेही आणि औषधे घेणारे

दुपारची वाळू चटका देणारी तापते. ज्यांच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना तो चटका कळत नाही, संध्याकाळी मोजे काढल्यावर फोड दिसतात. आपल्या पुळणीवर अनवाणी फिरण्याची सवय येथे विसरावी. बंद बूट घालावेत आणि परतल्यावर पाय तपासावेत. उष्म्यात इन्सुलिन लवकर शोषले जाते, त्यामुळे साखर उतरण्याची शक्यता असते. खिशात साखर किंवा खडीसाखर असावी. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये, थर्मासमध्ये ठेवावे.

गाडी लागू नये म्हणून आपल्याकडे प्रोमेथाझिनची गोळी सर्रास घेतात. तिने गुंगी येते, घाम कमी होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. वयस्करांनी ती न विचारता घेऊ नये. दोन तास आधी हलके खाणे, पुढे बसणे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवणे यांनीच बऱ्याच जणांचे भागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सहलीच्या दिवसाबद्दल डॉक्टरांशी बोलावे, गोळी परस्पर बंद करू नये.

आणखी एक : ट्रामाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या वेदनाशामक वा झोपेच्या गोळ्या आणि पायांच्या जळजळीसाठी दिले जाणारे प्रीगाबॅलिन कतारमध्ये नियंत्रित आहेत. शेजाऱ्याने दिलेली पुडी सामानात ठेवल्यास अटकेची पाळी येऊ शकते. निघण्यापूर्वी भारतीय दूतावासाची सूचना पाहावी.

उंट, चारचाकी दुचाकी आणि पाणी

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा स्वार पुढे फेकला जातो, म्हणून मागे रेलून खोगीर घट्ट धरावे. मेर्स हा श्वसनाचा गंभीर आजार २०१२ साली प्रथम ओळखला गेला. तो उंटांपासून माणसाला होऊ शकतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा वा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी उंटाजवळ जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. इतरांनी हात साबणाने धुवावेत, उंटिणीचे कच्चे दूध पिऊ नये.

वाळूत चालवायच्या मोठ्या चाकांच्या चारचाकी दुचाकीवर सोळा वर्षांखालील मुलांना बसवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे आणि ते मला पूर्ण पटते. खोर अल अदैदच्या अरुंद वाटेत भरती-ओहोटीची ओढ असते. आपण कोकणची माणसे, पोहता येते म्हणून तेथे खोल जाऊ नये. डोळ्यांत वाळू गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे. दमेकऱ्यांनी फवारा खिशात ठेवावा.

शेवटी मुलामुलींना सांगणे आहे. आईवडील तुमच्या हौसेखातर गप्प बसतात. सहल ठरवण्यापूर्वी "तुम्हांला झेपेल का?" असे न विचारता, "पाठ, हृदय, साखर, लघवी यांचा काही त्रास आहे का?" असे एकेक नाव घेऊन विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमीच "हो" येते, दुसऱ्याला खरे येते.